पितळी फणी आणि पोहण्याचा तलाव

अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्या मुलांना एका शाळेत आणण्याचे ऐतिहासिक कार्य माझ्या हातून घडले. मला हात नाहीत, ही गोष्ट वेगळी. शिवाय कोर्टाचा निकाल, पिवळ्या बसगाड्या आणि असंख्य माणसांची हिंमत यांचाही त्यात थोडाफार वाटा होता असे म्हणतात, असेल. माझ्या वाट्याला आलेले काम मी चोख केले. मी एका मुलीचे केस सरळ केले. ते पाऊस येईपर्यंत टिकले.

मित्रांनो, मी एक जुनी फणी आहे. तुमच्या आरशापुढे पडलेली असते तसली प्लास्टिकची, दात पडलेली फणी नव्हे. मी अंगाने पितळेची, मुठीला लाकडाची. मला गॅसच्या ज्योतीवर धरतात. मी चांगली तापले की मलम चोपडलेले कुरळे केस माझ्या दातांतून ओढतात आणि ते सरळ होतात. धूर निघतो, वास सुटतो, आणि ज्याचे डोके असते तो श्वास रोखून बसतो. माझा जन्म एका कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. मी आगीत जन्मले आणि आगीवर बसण्यासाठीच जन्मले.

ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात ओला नावाच्या एका कृष्णवर्णीय बाईंनी मला दुकानातून घरी आणले. त्यांची नात वर्नेट त्यांना ग्रॅनी म्हणे. आईबापांविना वाढलेली ती एकुलती नात. दर शनिवारी दुपारी ग्रॅनी तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवत, मला गॅसवर ठेवत आणि हुकूम सोडत, "कान धर!" तुमच्याकडे चूक झाली की कान धरतात. त्या घरात शाळेत जायचे म्हणून कान धरावा लागे, कारण कान धरला नाही तर तो भाजे. एकदोनदा भाजलाही. डाव्या पाळीमागे माझी सही अजून आहे.

एकोणऐंशी साली कोर्टाच्या हुकमावरून त्या शहरातली मुले बसमध्ये घालून इकडून तिकडे नेऊ लागले. वर्नेट तेव्हा तेरा वर्षांची होती. तिच्या वाट्याला शहराच्या पार दुसऱ्या टोकाची शाळा आली. तिथे तोवर गोरी मुलेच शिकत होती. पहिल्या दिवसाआधी ग्रॅनींनी मला नेहमीपेक्षा जास्त तापवले.

"आधी तुझं डोकं बघतील, बेबी," त्या म्हणाल्या. "डोक्यात काय आहे ते मग. तेव्हा वरचं तरी नीट दिसू दे."

"ग्रॅनी, त्या शाळेत पोहायचा तलाव आहे. इमारतीच्या आत. छपराखाली."

"छपराखाली तलाव? का, आभाळानं काय घोडं मारलंय?"

"मला पोहायला शिकायचंय."

"कान धर," ग्रॅनी म्हणाल्या.

पण मी तिचे केस धरले होते, म्हणून मला कळले, ती मुलगी पोहण्याच्या नुसत्या विचाराने थरथरत होती. भीतीने नव्हे. तिला तहान लागावी तसे पाणी हवे होते.

मी स्वतः शाळेत कधी गेले नाही. फणीला दप्तरात जागा असते, पण माझ्यासारखीला गॅसही लागतो. त्यामुळे शाळेबद्दल मला जे कळले ते शनिवारी, वर्नेटच्या डोक्याजवळून. वर्गात तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या असत. जेवणाच्या सुट्टीत ती ज्या टेबलावर बसे ते टेबल एकदम प्रशस्त होई. भूमितीत तिला पहिला नंबर मिळाला, तेव्हा सरांनी खात्रीसाठी तिला पुन्हा एकटीला बसवून तीच परीक्षा घेतली. दुसऱ्यांदा तिला जास्त गुण मिळाले. सरांनी मग तिसऱ्यांदा घेतली नाही.

तलावाविषयी मात्र ती दोन आठवड्यांतच बोलायची थांबली. पोहण्याच्या तासाला ती काठावरच्या बाकावर बसून राहू लागली. बाईंनी विचारले की सांगायची, "आत्ताच केस केलेत, भिजतील." हे ऐकून ग्रॅनींना वाईट वाटले.

"रबराची टोपी आणून देऊ का?"

"नको."

"आणि भिजले तर भिजले. आपल्याकडे गॅस आहे, ही फणी आहे. पुन्हा करू."

"नको म्हटलं ना, ग्रॅनी!"

मित्रांनो, तेव्हा मला काय वाटले सांगू? अभिमान! माझ्या कामाची इज्जत राहावी म्हणून एका मुलीने आपली सर्वांत मोठी हौस सोडली. ती शाळा संपेपर्यंत त्या बाकावर बसली. इतर मुले पाण्यात दंगा करत, आणि ती कोरडी, नीटनेटकी, एकटी. कुठल्या फणीसाठी कोणी एवढा त्याग केला असेल? मी ज्योतीवर बसल्या बसल्या आणखीच लाल होत असे.

पुढे ती शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि पहिल्याच सुट्टीत परत आली ती केस जसे उगवतात तसेच घेऊन. गोल, दाट, डोक्याभोवती प्रभावळीसारखे. ग्रॅनी दारातच उभ्या राहिल्या.

"तिकडचा गॅस बंद पडला होता का?"

"नाही ग्रॅनी. गॅस ठीक होता. आणि केसही ठीकच होते, पहिल्यापासून."

ग्रॅनी जवळ आल्या. मग हात पुसून त्या प्रभावळीला अलगद लावून पाहिला. म्हणाल्या, "हं. ऊब आहे." आणि मी ड्रॉवरमध्ये गेले. वर्नेटचे म्हणणे बरोबर आहे हे मला कळत होते. पण दुसऱ्याच्या शहाणपणामुळे आपली नोकरी गेली की त्या शहाणपणाचे कौतुक करायला थोडा वेळ लागतो. मला तीसेक वर्षे लागली.

ड्रॉवरमधले आयुष्य तुम्हाला काय सांगू! रबरबँड, संपलेल्या बॅटऱ्या, कुठल्याच कुलपाची नसलेली किल्ली. संभाषण कसले ते नाही. ग्रॅनी गेल्या. वर्नेट शिक्षिका झाली, गणित शिकवू लागली. लग्न केले, घर बदलले, पुन्हा बदलले, आणि दर वेळी मला टाकून देण्याआधी तिचा हात अडखळला आणि मी नव्या घरातल्या नव्या ड्रॉवरमध्ये तशीच जाऊन पडले. दर फेब्रुवारीत, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासासाठी नेमून दिलेल्या महिन्यात, कुठली ना कुठली शाळा तिला 'अडचणींवर मात' या विषयावर बोलायला बोलावी. मार्चमध्ये लोकांना तिचा विसर पडे. भाषणाचा सराव ती स्वयंपाकघरात करी. बस येई, रिकाम्या खुर्च्या येत, दोनदा घेतलेली परीक्षा येई आणि लोक जिथे हसतील तिथे ती थांबून बघे. तलाव मात्र कधीच आला नाही.

नवरा वारल्यावर ती डब्लिनमध्ये लहान घर घेऊन राहू लागली. कोलंबसला लागूनच असलेले ते गाव. रस्ते स्वच्छ, गवत कापलेले, शेजारी सभ्य. सगळे हात हलवतात. तिथे एकमेकांना नुसता हात हलवून माणसे वर्षे काढू शकतात. वर्नेटने चार वर्षे काढली. गावाच्या क्रीडाकेंद्रातून दर मोसमाला एक पत्रक येई, 'प्रौढांसाठी पोहण्याचे वर्ग'. ती ते टेबलाशी बसून पूर्ण वाचे, घडी घाली आणि ड्रॉवर उघडून माझ्या अंगावर ठेवी. मला हे काही उलगडेना. आता तर तिचे केस बोटभर होते, पिकलेले, आणि माझा त्यांच्याशी काही संबंध उरला नव्हता. मग ही पाण्यात का उतरत नाही?

गेल्या वसंतात तिने ड्रॉवर साफ करायला घेतला. पत्रके केराच्या डब्यात गेली. मी एका खोक्यात, बिघडलेल्या दिव्याशेजारी. खोके रस्त्याच्या कडेला आणि त्यावर पाटी, 'फुकट'.

मित्रांनो, कमी किमतीचा अपमान माणूस सोसतो. किंमतच नसण्याचा सोसवत नाही.

मला उचलले सुलभाकाकूंनी. या नागपूरच्या. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता डब्लिनमध्ये मुलाकडे, सिद्धेशकडे, राहायला आलेल्या. मुलगा आणि सून दोघे दिवसभर कामावर. घरात काकू आणि बोलणारा फ्रीज. म्हणून त्या नऊवारीच्या ऐटीत पाचवारी नेसून, खाली स्पोर्टस् शूज घालून, गल्लोगल्ली फिरत. खोक्यापाशी थबकल्या.

"अगबाई! फणी! आणि पितळी!"

इकडे तिकडे बघितले आणि मी पदराखाली गेले.

संध्याकाळी सुनेने, देवयानीने, मला चिंचेच्या कोळात बुडालेली पाहिले.

"आई, हे काय? कुठून उचललंत?"

"फुकट होतं. इथे सगळे उचलतात असं तूच सांगितलंस. तुमचा सोफासुद्धा तसाच आलाय."

"तो आम्ही स्टुडंट होतो तेव्हा! कोणाच्या घरासमोरून घेतलं?"

"कोपऱ्यावरच्या त्या काळ्या बाई आहेत ना—"

"आई! असं नाही बोलायचं. प्लीज."

"मग कसं बोलायचं? मीपण काळीच आहे. तुझ्या सासऱ्यांच्या आधी पाचसहा जणांनी आमच्याकडचे पोहे खाऊन तेच सांगितलं."

"अहो, पण ती फणी कोणाच्या तरी डोक्यातली आहे! आणि तुम्ही खायच्या वस्तूला वापरणार?"

"चिंचेनं घासलीय. मी देवसुद्धा चिंचेनंच घासते. त्यांची कधी तक्रार आली नाही."

खायची वस्तू म्हणजे फणोल्या. शेजारच्या मिशिगन राज्यात, नोव्हाय गावी राहणाऱ्या चैत्रालीचे, म्हणजे काकूंच्या भाचीचे, लग्न ठरले होते आणि रुखवतात मांडायला काकूंना घरच्या फणोल्या करायच्या होत्या. तुम्ही केल्या नसतील तर सांगते. रव्याचे घट्ट पीठ मळायचे, त्याची इवलीशी गोळी घ्यायची, फणीच्या दातांवर ठेवून अंगठ्याने पुढे लोटायची. गोळी दातांवरून सरकते आणि अंगावर रेघा उमटवून, शिंपल्यासारखी गुंडाळून पडते. वाळवायची, दुधात शिजवायची, खीर. जन्मभर मी वळलेल्या गोष्टी सरळ केल्या. आता साध्या गोळ्या माझ्या पाठीवरून सुंदर वळून पडू लागल्या. काकूंनी पहिला घाणा उजेडात धरून बघितला आणि म्हणाल्या, "अशी फणी नागपुरात नाही मिळायची." चाळीस वर्षांत माझ्याबद्दल कोणी काही चांगले बोलले नव्हते.

आता काकूंचा एक नियम होता. कोणाच्या दारातून वस्तू आली की तिथे काहीतरी गोड गेलेच पाहिजे. फुकटच्या पाटीला त्या मानत नव्हत्या. वाडगाभर खीर आणि पुरावा म्हणून मी, अशी वरात वर्नेटच्या दारी गेली.

"मी सुलभा. मागच्या गल्लीतली. ही तुमच्या खोक्यातली," काकू इंग्रजीत म्हणाल्या. काकूंचे इंग्रजी व्याकरणशुद्ध होते, फक्त हळू चाले. "आणि हे हिनं केलेलं."

वर्नेटने मला बघितले. खीर बघितली. पुन्हा मला बघितले. मग ती हसू लागली आणि हसता हसता तिला खुर्ची शोधावी लागली.

"मिस सुलभा, ही काय आहे माहीत आहे तुम्हाला?"

तिने सांगितले. काकूंनी हातातला चमचा खाली ठेवला.

"तापवून? डोक्यावर? अहो, कान भाजत नाही?"

वर्नेटने डावा कान पुढे केला. काकूंनी चष्मा सावरून माझी सही वाचली.

"माझ्या आईनं मला महिनाभर हळद आणि साय चोळली होती," त्या म्हणाल्या. "गोरी व्हावी म्हणून. मी पिवळी झाले."

"ते आणि हे एक नाही, मिस सुलभा."

"नाही," काकू म्हणाल्या. थोडा विचार केला. "अजिबात नाही. खीर खा, निवतेय."

वर्नेटने खाल्ली. दुसरा वाडगा तिने स्वतः वाढून घेतला. मग काकूंनी आपल्या दुखऱ्या गुडघ्यांचा विषय काढला. व्यायामवाल्या मुलीने त्यांना पाण्यात उभे राहून व्यायाम करायला सांगितले होते आणि त्या महिनाभर टाळत होत्या.

"त्या कपड्यात मी? माझ्या विद्यार्थिनी बघतील."

"नागपूरहून?"

"हल्ली फोन असतात, वर्नेटबाई." शाळेतल्या सहशिक्षिकांना बाई म्हणायची त्यांची सवय. "तुम्ही सोबत आलात तर येईन. येता? पोहता येतं ना तुम्हाला?"

वर्नेटने वाडगा बाजूला सारला. मग अनेक वर्षांच्या सवयीने म्हणाली, "केस भिजतात."

काकूंनी ते बोटभर पिकले केस नीट पाहिले.

"वर्नेटबाई, गृहपाठ का केला नाही याची जगातली सगळी कारणं मी ऐकली आहेत. तुम्हीपण ऐकली असतील. हे खरं कारण नाही."

आणि मित्रांनो, तेव्हा टेबलावर खिरीच्या वाडग्याशेजारी पडल्या पडल्या मला ते कळले.

"मी उतरले होते," वर्नेट म्हणाली. "एकदा. दुसऱ्या आठवड्यात. म्हटलं, केस गेले खड्ड्यात. पायऱ्या उतरले. पाणी कमरेपर्यंत आलं, इतकं छान होतं ते! आणि एकेक करून सगळी मुलं बाहेर निघाली. कोणी शिवी दिली नाही. धक्का नाही, काही नाही. शिवी दिली असती तर मला उत्तर येत होतं, ग्रॅनीनं शिकवलं होतं. पण ते नुसते काठावर उभे राहिले, ओले, मी कधी निघते त्याची वाट बघत. एवढं मोठं पाणी आणि मी एकटी. बाईंनी घड्याळ बघितलं."

"मग?"

"मग मी बाहेर आले. आणि ते सगळे परत उतरले."

काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला.

"ग्रॅनीला सांगितलं असतं तर ती शाळेत आली असती, आणि तिला कोणी काय बोललं असतं ते मला ऐकवलं नसतं. म्हणून केस सांगितले. केसांचं कारण सगळ्यांना पटतं."

एवढी वर्षे मी ज्या त्यागावर जगत होते त्यात मी कुठेच नव्हते. माझ्यासाठी कोणी काही सोडले नव्हते. तेरा वर्षांच्या मुलीला लपायला काहीतरी हवे होते आणि मी हाताशी होते, एवढेच. मित्रांनो, पितळ तापते तसे गारही फार पटकन पडते.

काकू चांगल्या शिक्षिका होत्या, त्यामुळे त्यांनी सांत्वन केले नाही.

"मी बाहेर निघणार नाही," त्या म्हणाल्या.

वर्नेटने वर बघितले.

"म्हणजे मला निघताच येणार नाही. गुडघे! एकदा आत गेले की दोघांनी ओढल्याशिवाय मी हलत नाही. तुम्ही निर्धास्त राहा."

त्या दोघी मंगळवारी गेल्या. मला नेले नाही, आणि नेण्याचे कारणही नव्हते. मी काकूंच्या ड्रॉवरमध्ये, चकलीच्या सोऱ्याशेजारी पडून वाट बघत होते. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत लांब दिवस. ड्रॉवर अर्धवट उघडा होता म्हणून संध्याकाळी सगळे ऐकू आले.

"काय घातलंत आई?" देवयानीने विचारले.

"सिद्धेशचा तो लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट आणि तुझी काळी लेगिंग. फोन कोणाकडे नव्हता, बघून घेतलं. मग उतरलो. पाण्यात तीन बायका आणि एक म्हातारा, चुन्यासारखा पांढरा. वर्नेटबाईंनी माझा हात असा धरला की ही बांगडी बघ, चेपली. पाणी कमरेपर्यंत आलं. आणि तो म्हातारा निघाला बाहेर."

"अरे यार!"

"वर्नेटबाईंचा दगड झाला. म्हणाल्या, 'बघा, मिस सुलभा.' म्हटलं, बघतेय. त्या वळल्या पायऱ्यांकडे. मी हात सोडला नाही. त्या ओढतायत, मी हलत नाही. मी गुडघ्यांचे आभार मानले, आयुष्यात पहिल्यांदा."

"मग?"

"मग काय, आला तो परत. बाथरूमला गेला होता! आमच्या शेजारीच उतरला आणि म्हणतो कसा, 'आज पाणी जरा गारच आहे, नाही?'"

"वर्नेट काय म्हणाल्या?"

"आधी तोंडावर पाणी मारत राहिल्या. बराच वेळ. पाण्यात तेवढं बरं असतं, कोणाला कळत नाही. मग त्याला म्हणाल्या, 'गार आहे, पण छान आहे.'"

"आणि पोहलात?"

"कुठलं पोहणं! तासभर काठ धरून उभ्या होतो. पुढच्या मंगळवारी पाय हलवणार आहोत."

आता त्या पाय हलवतात. वर्नेट तर काठ सोडून चार हात जाते म्हणे, आणि तोंड वर काढून ग्रॅनीला हाक मारल्यासारखी ओरडते. मी ते पाहिलेले नाही, आणि पाहणारही नाही. पाण्यात पितळेचे काय काम? चैत्रालीचे लग्न पार पडले, रुखवताचे फोटो निघाले, त्यात फणोल्या आहेत आणि मी नाही. मला आता कोणी तापवणार नाही, आणि न तापवण्यातच सगळ्यांचे भले आहे. हे मला पूर्ण पटले आहे. ड्रॉवर बंद असला की थोडे कमी पटते.

तेव्हा मित्रांनो, शेवटी एवढेच सांगते. तुमच्या वर्गात, बसमध्ये, तलावात कोणी नवे आले, तुमच्यासारखे न दिसणारे, तर भाषण करू नका. फेब्रुवारीची वाट बघू नका. फक्त आहात तिथून हलू नका. त्याला धाडस लागत नाही, गुडघे दुखरे असले तरी चालते. बाथरूमला जायचेच असेल तर तसे सांगून जा.

आणि हो, काकूंच्या घराकडे कोणी जाणार असाल तर माझ्या मधल्या दोन दातांत रव्याचे पीठ अडकून वाळले आहे, तेवढे काढा. टूथपिक पुरेल.